फिट आली की मुंबईच का?

बदलापूरजवळच्या सोनिवलीत कुणाला फिट आली की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: इथं वेळ घालवू नका, मुंबईला न्या. मेंदूचा आजार, तर मशिनं मोठी हवीत, डॉक्टर नावाजलेला हवा. ते सगळं परळच्या केईएमला नाहीतर सायनला. हा पूर्वपक्ष अडाणीपणाचा मुळीच नाही. ग्रामीण रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ कायम बसलेला नसतो, हे खरंच आहे.

तरीही पहिल्या फिटसाठी हा सल्ला मला पटत नाही. अपस्माराचं, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचं, निदान मुख्यतः हकिकतीवर होतं. पहिला ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, जवळजवळ निम्म्या रुग्णांत चक्क नॉर्मल येतो. एमआरआय हवाच, पण तो कल्याणलाही निघतो. फिट कशी सुरू झाली, मान कुठे वळली, शुद्ध केव्हा आली, हे घरच्यांना नीट विचारणारा आणि त्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाहणारा डॉक्टर गर्दीच्या ओपीडीत भेटेलच असं नाही.

औषधांचंही तेच. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. ग्लासगोच्या ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या ४७ जणांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ जणांच्या. मात्र गोळी रोज, वर्षानुवर्षं आणि वेळेवर पोटात जायला हवी. सोनिवलीहून परळला जायचं म्हणजे पहाटे उठून रिक्षा, मग बदलापूरची लोकल, मग केसपेपरची रांग. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणं. या वारीत दोन्ही एकदम जमून येतात! चार महिन्यांत माणूस कंटाळतो आणि गोळ्या संपल्या की उपचारही संपतात. महिन्याला भेटणारा, डोस बदलणारा, तरुण मुलीला व्हॅल्प्रोएट हे औषध लिहिण्याआधी गर्भावरच्या परिणामांबद्दल स्वतःहून बोलणारा डॉक्टर बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरात मिळत असेल, तर तोच निवडावा.

मग मोठं हॉस्पिटल कुणासाठी? योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही ज्यांच्या फिट्स थांबत नाहीत त्यांच्यासाठी. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या अपस्माराची व्याख्या हीच केली. इथे व्हिडिओ-ईईजी लागतो, काहींना शस्त्रक्रियाही. ती केईएममध्ये होते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तर १९९५ पासून. आणि नेमके हेच रुग्ण घरी बसतात. मुंबई एकदा करून झालेली असते, फिट चालायचीच म्हणून नशिबावर सोडलेलं असतं, आणि जवळचा डॉक्टर तिसरी, चौथी गोळी वाढवत राहतो. अशा डॉक्टरला मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून द्यायला भाग पाडावं. तो टाळत असेल तर मुंबईचा सल्ला देणारे शेजारी त्या दिवशी बरोबर ठरतात.

शेवटचा आक्षेप रात्रीचा: अपरात्री मोठी फिट आली तर? बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर माणसाला कुशीवर वळवावं. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करून सर्वांत जवळची कॅज्युअल्टी गाठावी. फिट थांबवणारं इंजेक्शन जितक्या उशिरा मिळेल तितकं ती आवरणं अवघड होतं, आणि परळ सोनिवलीहून साठ किलोमीटरवर आहे.