१९६१ चे पूरग्रस्त, २०२१ चे अतिक्रमणवाले

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात मुठेचे पाणी चढू लागले. डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे तीन तरुण आपली अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवायला गेले आणि विजेचा धक्का बसून तिघेही मेले. त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींचे तळमजले बुडाले, सैन्याला बोलवावे लागले. लोकांच्या लक्षात एकतानगरी राहिली. हातगाडी वाचवताना गेलेली तीन पोरे कितीजणांना आठवतात, हे आपापल्या मनाला विचारावे.

पूर सगळ्यांना सारखाच येतो, असे आपल्याला सांगितले जाते. पाणी सारखेच असते हे खरे. पण पाणी ओसरल्यावर कोणाला काय नाव मिळते ते पाहा. एकाला ‘पूरग्रस्त’ म्हणतात, दुसऱ्याला ‘अतिक्रमण’. या दोन शब्दांचा पुण्यातला इतिहास आम्हाला इथे मांडायचा आहे, कारण नदीकाठची झाडे तोडण्याचा जो वाद आज चालू आहे तो या इतिहासाशिवाय कळत नाही.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण अजून पुरते बांधून झालेले नव्हते, तरी त्यात पाणी साठवले गेले होते. बांध खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आले आणि तेही फुटले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांत वाडे कोसळले, लकडी पूल पाण्याखाली गेला, शहराचा नदीकडचा भाग चिखल होऊन पडला. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. हा पूर आभाळातून पडलेला नव्हता. माणसांनी, सरकारी खात्याने, घाईत केलेल्या कामातून तो आला होता.

आता पुढचे पाहा. त्या पूरग्रस्तांना सरकारने जमीन दिली, घरे दिली. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर ही नावे आज पुण्यात ऐकतो, त्या वसाहती वाढल्या त्याच पुनर्वसनातून. तुम्ही नदीच्या इतक्या जवळ का राहत होता, असे पेठेतल्या कोणाला कोणी विचारले नाही. वाडा नदीच्या पात्रालगत होता म्हणून तो नदीवरचे अतिक्रमण ठरला नाही. आम्ही यात वावगे काही म्हणत नाही. सरकारने केले ते योग्यच केले. ज्याचे घर पुरात गेले त्याला घर मिळाले पाहिजे, हा न्याय १९६१ मध्ये या शहराला ठाऊक होता. तो पुढे कुठे गेला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पानशेतच्या ज्या आठवणी आम्ही वाचल्या त्यातल्या बहुतेक वाड्यांच्या आहेत. वाहून गेलेली पितळी भांडी, भिजलेल्या पोथ्या, माडीवर काढलेली रात्र. पण काठावर झोपडे होते अशा माणसाने त्या दिवशी काय पाहिले, हे आम्हाला फारसे कुठे लिहिलेले सापडले नाही. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांचा पूर इतिहास झाला, बाकीच्यांचा पूर नुसता पूर राहिला.

सखल जागा आमच्या वाट्याला आली ती काही आमच्या आवडीने नाही. गावगाड्यात आमची वस्ती वेशीबाहेर का, या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. शहरात वेस नव्हती, पण जमिनीचा भाव होता, आणि भावाने वेशीचे काम चोख केले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून माणसे पोट घेऊन पुण्यात आली. त्यात बौद्ध होते, मातंग होते, भटके होते, गरीब मराठाही होते. कोणालाही नको असलेली जागा कुठे होती? नदीकाठी, ओढ्याकाठी, रेल्वेच्या रुळाकाठी, टेकडीच्या उतारावर. तिथे ही माणसे राहिली, त्यांनी शहराचा कचरा उचलला, धुणीभांडी केली, इमारती बांधल्या. नदी फुगली की पाटील इस्टेट, बोपोडी, येरवड्याची शांतीनगर, ताडीवाला रोड इथली माणसे गाठोडी घेऊन महापालिकेच्या शाळेत जायची. ऑगस्ट २०१९ मध्येही तेच झाले.

त्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पुणे परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून एकाच ठिकाणी अनेकजण गेले. ज्या सहकारनगरच्या भागात पानशेतचे पूरग्रस्त वसवले होते, त्याच भागातून हा ओढा वाहतो.

मग शहराने काय शिकले? २४ जून २०२१. कोरोनाचा काळ, पावसाळा लागलेला. दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठावरच्या वस्तीत सकाळी जेसीबी आले. महापालिकेचे म्हणणे असे की ओढा सरळ आणि रुंद करायचा आहे, पुन्हा पूर येऊ नये म्हणून. रहिवाशांचा आरोप असा की शेजारच्या बांधकाम प्रकल्पाला जागा मोकळी करून द्यायची आहे. बायका जेसीबीपुढे आडव्या झाल्या, लेकरे भांड्यांच्या ढिगावर बसून राहिली. न्यायालयाची स्थगिती त्याच दिवशी आली, पण तोवर बरीच घरे पडली होती. ज्यांच्या दारात पूर आला होता, तेच पुराचे कारण ठरवले गेले. पूरसंरक्षण हा शब्द इथे पहिल्यांदा घर पाडायच्या कामी आला असे नाही, पण इतका उघड्यावर क्वचितच आला असेल.

इथे रेषांबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी भांडणे रेषांचीच आहेत. पाटबंधारे खाते नदीच्या काठाने दोन रेषा आखते. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. कागदावर नियम चांगला आहे. पण झोपडीवर तो रेषा म्हणून चालतो, मॉलवर, मंगल कार्यालयावर, टोलेजंग सोसायटीवर तो सूचना म्हणून चालतो. मोठ्याच्या जमिनीजवळ आली की ही रेषा वाकते, हे नदीकाठाने एक दिवस पायी फिरलेल्या कोणालाही दिसते. निळा रंग आमचा, पण ही निळी रेषा आमची कधी झाली नाही.

आता झाडांकडे येऊ. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ सुधार प्रकल्प पुणे महापालिकेने हाती घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधान पुण्यात आले तेव्हा त्याचा प्रारंभ झाला. काठावर भराव, भिंती, फिरायला पथ, बागा असे त्याचे रूप. आराखडा अहमदाबादच्या साबरमतीचा आराखडा करणाऱ्या संस्थेनेच केला आहे. बंडगार्डन ते मुंढवा या टप्प्यात हजारो झाडे तोडण्याची किंवा दुसरीकडे लावण्याची नोटीस २०२३ मध्ये निघाली. २९ एप्रिल २०२३ रोजी पुणेकरांनी ‘चिपको’ म्हणत मोर्चा काढला. महापालिकेचे उत्तर ठरलेले होते: बरीचशी सुबाभूळच आहे, बदल्यात जास्त झाडे लावू, शिवाय पात्रातले अडथळे काढले की पुराची पातळी खाली येईल.

हा शेवटचा मुद्दा सरसकट खोटा म्हणून उडवून लावता येत नाही. पात्राच्या मधोमध दाट झाडी असेल तर तिथे पाणी तुंबते, हे अभियंते सांगतात ते बरोबर आहे. पण काठावरचे करंज, उंबर, वाळुंज मुळांनी माती धरून ठेवतात, पाण्याचा वेग तोडतात. ती काढून जागी भराव आणि भिंत घातली तर नदीची रुंदी कमी होते. रुंदी कमी झाली की तेच पाणी उंच चढते किंवा जोरात पळते. भिंत असते तिथून पाणी पुढे जाते, आणि भिंत नसते तिथे आत शिरते. भिंत कोणाच्या दारापुढे नसणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

बाबासाहेबांचे एक भाषण आपल्या चळवळीत फार कमी वाचले जाते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते श्रमसदस्य होते, पाटबंधारे त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांवरच्या परिषदेत ते बोलले. आधीच्या पूरसमितीचे मत असे होते की ओरिसात पूर थांबवण्यापेक्षा ते पाणी लवकरात लवकर समुद्राला कसे पोचवायचे हा खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी ही विचाराची दिशाच चुकीची ठरवली. जास्त पाणी म्हणजे संकट असे मानू नका, माणूस पाण्याच्या अभावानेच जास्त सोसतो, तेव्हा पाणी साठवा आणि लोकांच्या कामी लावा, असा त्यांचा रोख होता. ते मोठ्या धरणांच्या बाजूचे होते, हे लपवायचे कारण नाही. त्यांना वृक्षप्रेमी म्हणून रंगवायचीही गरज नाही. पण ८० वर्षांपूर्वी त्यांनी जो विचार मोडीत काढला, तोच आज सिमेंटच्या भिंती घालून पुण्यात उभा केला जातो आहे. पाणी पुढे ढकला, लवकर ढकला.

साबरमतीचा दाखला आम्हाला अभिमानाने दिला जातो, म्हणून तोही तपासू. अहमदाबादेत अकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही काठांना भिंती घालून नदी २६३ मीटर या एका मापात बसवली. काठावरच्या हजारो कुटुंबांना, त्यात दलित आणि मुसलमान मोठ्या संख्येने, वटवा आणि पिपळजसारख्या दूरच्या भागांत हलवले गेले. जे काही पुनर्वसन झाले त्यासाठी लोकांना २००५ पासून उच्च न्यायालयात झगडावे लागले. फोटोत फक्त दिवे दिसतात.

आता थोडे आपल्याच लोकांशी. झाडांच्या मोर्चात आपण कमी दिसलो. झाडे हा कोथरूड-कल्याणीनगरच्या लोकांचा प्रश्न, आपला प्रश्न घराचा, असे आपल्यातले अनेकजण बोलले. दुसऱ्या बाजूला नदीप्रेमींपैकीही काहीजण झोपडपट्टीलाच नदीची घाण समजतात, निम्मे शहर आपले मैलापाणी न शुद्ध करता नदीत सोडते हे विसरून. त्यांना झाड वाचवायचे असते, पण त्या झाडाखाली राहणारा माणूस त्यांच्या चित्रात नसतो. ही दोन्ही मते प्रकल्पवाल्यांच्या सोयीची आहेत. वस्ती आणि झाड वेगवेगळी भांडतात तोवर जेसीबीला दोन्हीकडे वाट मोकळी आहे.

म्हणून काम काय, ते सांगतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली झाड तोडण्याआधी नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. मुदत थोड्या दिवसांची असते. नोटीस वर्तमानपत्रात येते आणि झाडावर चिकटवतात, आणि वस्तीत ती कोणी वाचत नाही. प्रत्येक नदीकाठच्या वस्तीत आपल्या दोन पोरांनी ही जबाबदारी घ्यावी. हरकतीत फक्त झाड लिहू नये. या भिंतीमुळे आमच्या गल्लीत पाणी किती चढेल, याचा हिशोब लेखी मागावा. निळी रेषा आमच्या घरावरून कशी गेली आणि पलीकडच्या इमारतीवरून कशी गेली, याचे नकाशे माहितीच्या अधिकारात मागावेत. आणि अर्जात १९६१ चा उल्लेख जरूर करावा: त्या वर्षी या शहराने पूरग्रस्ताला घर दिले होते, आमचाही अर्ज पूरग्रस्ताचाच आहे.