सायप्रसमधील हिवाळी पक्षिनिरीक्षण

सायप्रसमधील हिवाळी पक्षिनिरीक्षण म्हणजे पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस या बेटावर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात केले जाणारे पक्ष्यांचे निरीक्षण. या काळात बेटावरील खारी सरोवरे पावसाच्या पाण्याने भरतात आणि तेथे हजारो रोहित (फ्लेमिंगो), बदके व पाणपक्षी मुक्कामाला येतात. शेतांत, माळांवर व डोंगरांत उत्तरेकडून आलेले लहान पक्षी हिवाळा काढतात. हाच काळ बेटावरील शिकारीचा हंगामही आहे. त्यामुळे सायप्रसमधील हिवाळी पक्षिजीवनाची माहिती पाऊस आणि शिकार या दोन गोष्टी वगळून पुरी होत नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

९,२५१ चौ. किमी क्षेत्रफळाचे सायप्रस हे सिसिली व सार्डिनियाखालोखाल भूमध्य समुद्रातील तिसरे मोठे बेट आहे. तुर्कस्तानचा किनारा येथून सुमारे ७५ किमी, तर सीरियाचा सुमारे १०० किमी अंतरावर आहे. पूर्व युरोप व पश्चिम आशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर हे बेट येत असल्याने त्याच्या मानाने येथील पक्ष्यांची यादी बरीच मोठी आहे. आतापर्यंत येथे सुमारे ४०० जातींची नोंद झाली आहे. त्यांतील बहुसंख्य जाती स्थलांतराच्या काळात थोडे दिवस थांबणाऱ्या किंवा हिवाळी पाहुण्या आहेत. बारमाही राहणाऱ्या जाती तुलनेने थोड्या आहेत.

बेटावरील हिवाळा सौम्य असतो. किनाऱ्यावर दिवसा स्वेटरही नकोसा वाटावा असे ऊन पडते, त्याच वेळी ट्रूडोस पर्वतरांगेतील ऑलिंपस शिखरावर (उंची १,९५२ मी.) बर्फ साचलेले असते. भारतातील मोसमी पावसाच्या उलट येथील पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. महाराष्ट्रातील तलाव हिवाळ्यात हळूहळू आटत जातात, तेव्हा सायप्रसची सरोवरे भरत असतात.

खारी सरोवरे

बेटावरील पक्षिनिरीक्षणाची दोन मुख्य केंद्रे म्हणजे लार्नाका व अक्रोतिरी येथील खारी सरोवरे. दोन्ही उथळ आहेत व दोन्हींचा तळ समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन तळावर मिठाचा पांढरा थर उरतो. या कोरड्या चिखलात आर्टेमिया या मीठकोळंबीची व तिच्या जातभाईंची टणक कवचाची अंडी पडून राहतात. पाऊस पडून पाणी साचले की ती फुटतात आणि काही आठवड्यांत पाणी या इवल्या जीवांनी भरून जाते. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून, चिखल व पाणी गाळून हेच अन्न खातात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच येतो.

या साखळीचा आरंभ पावसात आहे. पाऊस उशिरा आला, तर अंडी उशिरा फुटतात व थवे अन्यत्र जातात. तो फार कमी झाला, तर सरोवर अकालीच आटते. अतिवृष्टीने खारटपणा एकदम उतरला, तरीही मीठकोळंबीची वाढ खुंटते. त्यामुळे एखाद्या हिवाळ्यात लार्नाका येथे काही शेकडा रोहित दिसतात, तर दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. एका वर्षाच्या मोजणीवरून पक्षी वाढले किंवा घटले असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. बर्डलाइफ सायप्रस ही संस्था व सरकारचा वन्यजीव विभाग बेटावरील पाणथळ जागांवर दर महिन्याला पाणपक्ष्यांची मोजणी करतात, त्यामागचे एक कारण हेही आहे.

सायप्रसमध्ये येणारा रोहित हा मोठा रोहित (फिनिकॉप्टेरस रोझेयस) होय. पुण्याजवळ भिगवण येथे उजनी जलाशयावर हिवाळ्यात दिसतो तो याच जातीचा. तो सायप्रसमध्ये घरटी करत नाही. पायात घातलेल्या कड्यांवरून असे दिसून आले आहे की, येथे येणारे पक्षी तुर्कस्तान व इराणपासून पश्चिम भूमध्य प्रदेशापर्यंतच्या निरनिराळ्या वसाहतींमधील असतात.

लार्नाका

लार्नाकाचे खारे सरोवर शहराला व विमानतळाला लागूनच आहे. विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाला बेटाचे पहिले दर्शन बहुधा याच गुलाबी ठिपक्यांचे होते. हे एकच सरोवर नसून मुख्य सरोवर व त्याच्या दक्षिणेकडील लहान सरोवरे मिळून बनलेला समूह आहे. मध्ययुगात हे मिठागर म्हणूनच प्रसिद्ध होते. येथील मीठ बेटाच्या निर्यातीत मोलाचे होते. मीठ काढण्याचे काम १९८० च्या दशकापर्यंत चालू होते. लोककथेनुसार तहानलेल्या संत लाझारसला एका म्हातारीने आपल्या मळ्यातील द्राक्षे नाकारली, तेव्हा त्याच्या शापाने तो मळाच मिठाचे तळे झाला.

सरोवराच्या पश्चिम काठावर खजुरीच्या झाडांत हाला सुलतान टेक्के ही मशीद व उम्म हराम यांची कबर आहे. मशीद आणि तिच्यापुढे रांगेने उभे असलेले रोहित हे सायप्रसचे सर्वांत परिचित हिवाळी दृश्य आहे. सकाळी पूर्वेकडील रस्त्यावरून व दुपारनंतर टेक्केच्या बाजूने पाहिल्यास ऊन पाठीशी राहते. रोहितांखेरीज येथे थापट्या, चक्रांग, शेलडक इत्यादी बदके, काळ्या मानेची टिबुकली, केंटिश चिखल्या व बारीक चोचीचा कुरव हे पक्षी दिसतात. किनाऱ्यावर जमणाऱ्या कुरवांत आर्मेनियन कुरव हा विशेष मानला जातो. आर्मेनिया, तुर्कस्तान व आसपासच्या पहाडी सरोवरांवर घरटी करणारा हा पक्षी हिवाळ्यात पूर्व भूमध्य किनाऱ्यावर उतरतो.

२००१ साली हे सरोवर रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून घोषित झाले. घोषणेने संरक्षण मिळाले, परंतु तळातील चिखल शुद्ध झाला नाही. सरोवराच्या परिसरात पूर्वी नेमबाजीचे मैदान होते. ते बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी शिशाचे छर्रे चिखलात राहिले. रोहित व बदके अन्न दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात. त्यांच्याबरोबर छर्रेही पोटात जातात व शिशाच्या विषबाधेने पक्षी मरतो. २००३ मध्ये अशी मोठी घटना घडली होती. २०२१ च्या आरंभी पुन्हा दोनच महिन्यांत ९० हून अधिक रोहित मृतावस्थेत आढळले. जोरदार पावसाने गाळ ढवळला जाऊन छर्रे वर आले असावेत, असे तेव्हा सांगितले गेले. ज्या पावसावर या पक्ष्यांचे अन्न अवलंबून आहे, त्यानेच विषही वर आणावे, हा या सरोवराचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

अक्रोतिरी

अक्रोतिरी द्वीपकल्प लिमासोल शहराच्या दक्षिणेस आहे. ते मूळचे वेगळे बेट होते. दोन्ही बाजूंनी वाळूचे बांध साचून ते मुख्य बेटाला जोडले गेले आणि मधल्या खोलगट भागात खारे सरोवर तयार झाले. १९६० साली सायप्रस स्वतंत्र झाला, तेव्हा ब्रिटनने अक्रोतिरी व ढेकेलिया हे दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवले. सरोवर त्यांपैकी पहिल्याच्या हद्दीत येते. २००३ साली रामसर यादीत त्याचा समावेश झाला तोही ब्रिटनच्या वतीने. येथे दुर्बीण व कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी लष्करी इमारती व अँटेनांकडे रोख धरू नये, हा नियम कडकपणे पाळावा लागतो. अक्रोतिरी गावातील पर्यावरण शिक्षण केंद्रातून सरोवराचा मोठा भाग निर्वेधपणे पाहता येतो.

विविधतेच्या दृष्टीने अक्रोतिरी लार्नाकापेक्षा सरस आहे, कारण येथे खाऱ्या सरोवराबरोबर गोड्या पाण्याची दलदलही आहे. फासूरीच्या वेतवनात दलदली भोवत्या, छोटा खंड्या, पाणकोंबड्या व वेतात लपणारे वटवट्या आढळतात. गुरांची चराई थांबल्यामुळे येथे वेत दाट माजला होता व मोकळे पाणी उरले नव्हते. ते परत आणण्यासाठी गुरे पुन्हा चरायला सोडण्यात आली. झकाकीच्या लहानशा पाणथळीत शंकर (नीलकंठी) पक्षी हिवाळा काढतो. लिमासोल शहर मात्र आता अगदी तिच्या काठापर्यंत येऊन ठेपले आहे.

द्वीपकल्पाच्या पश्चिमेस एपिस्कोपीजवळ समुद्रात सरळ उतरणारे पांढरे कडे आहेत. हिवाळ्यात तेथे वॉलक्रीपर हा राखाडी अंगाचा व किरमिजी पंखांचा पक्षी खडकावर सरकताना दिसू शकतो, मात्र त्यासाठी चिकाटी लागते. याच परिसरात ग्रिफन गिधाडांची बेटावरील शेवटची वस्ती आहे. विषारी आमिषांमुळे ती नष्ट होण्याच्या बेतात आली होती. त्यामुळे २०११ पासून क्रीटमधून व नंतर स्पेनमधून गिधाडे आणून सोडण्यात आली.

माळराने, धरणे व डोंगर

पश्चिमेकडील पाफोस येथे जागतिक वारसा यादीतील प्राचीन अवशेषांच्या पलीकडे दीपगृहाजवळ खडकाळ भूशिर आहे. तेथे सोनचिखल्या, मोठा वाळू चिखल्या व चंडोल मिळतात. जवळच्या मांद्रिया गावाच्या शेतांत उत्तरी टिटव्यांचे थवे उतरतात. अनारिता येथील शेळ्यामेंढ्यांनी चरलेल्या खडकाळ माळावर फिन्शचा रणगोजा हा हिवाळी पाहुणा असतो. तुर्कस्तान, कॉकेशस व इराणकडील हा पक्षी युरोपीय संघाच्या हद्दीत नेमाने पाहायचा, तर सायप्रसलाच यावे लागते.

अस्प्रोक्रेमोस व इतर धरणांवर टिबुकल्या, पाणकावळे व बदके असतात. लार्नाकाजवळील ओरोक्लिनी सरोवर अगदी महामार्गालगत असूनही तेथील निरीक्षण मनोऱ्यावरून शांतपणे पक्षी पाहता येतात.

बेटावरच घरटी करणाऱ्या तीन खास जातींपैकी सायप्रस रणगोजा हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. सायप्रस वटवट्यांपैकी बरेचसे दक्षिणेकडे सरकतात, काही मात्र मागे राहतात. सायप्रस शिंगळा हे लहान घुबड बारमाही आहे. ट्रूडोसच्या काळ्या पाइनच्या जंगलात बेटाच्या स्वतंत्र उपजाती आढळतात. त्यांतील झाडसरक्या पक्ष्याची उपजात डोरोथिया बेट या संशोधिकेच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी या बेटावर एकट्याने फिरून जीवाश्म व प्राणी गोळा केले. वाकड्या चोचीच्या क्रॉसबिलच्या उपजातीला फ्रान्सिस गिलमार्ड यांचे नाव आहे. बेटावरील पक्ष्यांचा पहिला मोठा ग्रंथ डेव्हिड व मेरी बॅनरमन या दांपत्याने १९५८ साली प्रसिद्ध केला.

शिकार व सापळे

नोव्हेंबरपासून परवानाधारक शिकाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. चुकार तित्तिर, काळा तित्तिर व ससे यांची शिकार ठरावीक दिवशी, सहसा बुधवारी व रविवारी, चालते. हिवाळी कस्तुर पक्ष्यांची शिकारही कायदेशीर आहे. या दिवशी माळरानावर व ऑलिव्हच्या बागांत न जाता सरोवरांकडे वळण्याची पद्धत पक्षिनिरीक्षकांत आहे.

बेकायदेशीर सापळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्लॅककॅप (काळटोप वटवट्या) व इतर लहान गाणारे पक्षी पकडून उकडून, भाजून किंवा लोणचे घालून खाल्ले जातात. या पदार्थाला आंबेलोपूलिया म्हणतात. ही प्रथा शतकानुशतके जुनी आहे. एके काळी द्राक्षबागा राखणाऱ्या गरीब शेतकऱ्याला हिवाळ्यात मांस मिळण्याचा तो एक मार्ग होता, आणि तिचे समर्थक आजही हाच दाखला देतात. आज मात्र हा उपाहारगृहांतून चोरून विकला जाणारा महागडा पदार्थ आहे. पूर्वी वापरल्या जाणाऱ्या चिकट काड्यांच्या जोडीला बारीक धाग्यांची जाळी व पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित गाणे वाजवणारी यंत्रे आली आहेत. काड्यांना लावायचा चीक भोकराच्या फळांपासून करतात. महाराष्ट्रात लोणच्यासाठी वापरले जाणारे भोकर याच वंशातले. जाळे किंवा काडी पक्ष्याची जात पाहत नाही. त्यांत सापडलेल्या जातींची संख्या दीडशेहून अधिक भरली आहे.

सापळे लावणे १९७४ पासून बेकायदेशीर आहे. २००४ मध्ये सायप्रस युरोपीय संघात आल्यावर संघाचे पक्षिसंरक्षण नियमही लागू झाले. तरीही ढेकेलिया तळाच्या हद्दीतील केप पिला भागात सापळ्यांसाठी मुद्दाम बाभूळवर्गीय झाडे लावून त्यांना पाणी दिले जात होते. २०१६ च्या शरद ऋतूत एकट्या या तळाच्या हद्दीत सुमारे ८ लाख पक्षी मारले गेल्याचा अंदाज पक्षिसंरक्षण संस्थांनी मांडला. तळाच्या अधिकाऱ्यांनी ही झाडे तोडण्यास सुरुवात केली, तेव्हा स्थानिकांनी वाट अडवून त्यांना रोखले. पुढे गस्त व छुपे कॅमेरे वाढवल्यानंतर तळाच्या हद्दीतील प्रमाण खूप घटले. सायप्रस प्रजासत्ताकाने मात्र २०२० मध्ये ५० पर्यंत लहान पक्षी मारण्याचा जागेवरचा दंड २,००० युरोंवरून २०० युरोंवर आणला आणि संरक्षण संस्थांनी त्यावर कडाडून टीका केली.

सापळ्यांचा मुख्य हंगाम शरद ऋतूत असला, तरी हिवाळ्यातही कस्तुर व रॉबिन त्यांत सापडतात. लाल छातीचा युरोपीय रॉबिन सायप्रसमध्ये फक्त हिवाळ्यात असतो. पहाटे प्रत्येक बागेत त्याचे बारीक गाणे ऐकू येते. भल्या पहाटे झुडपांतून एकसारखे, न थांबता पक्ष्याचे गाणे येत असेल, तर ते बहुधा यंत्राचे असते. अशा वेळी स्वतः जवळ न जाता वन्यजीव विभागाला किंवा तळाच्या पोलिसांना कळवावे, असे संस्था सांगतात.

हंगामाची अखेर

फेब्रुवारीत पहिल्या पाकोळ्या दक्षिणेकडून येऊ लागतात. बदके मार्चपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. रोहितांचे मोठे थवे मार्च-एप्रिलमध्ये हलतात, काही अल्पवयीन पक्षी पाणी असेपर्यंत रेंगाळतात. जुलैपर्यंत लार्नाकाच्या सरोवरात बहुधा फक्त मीठ उरते.