बेबी ग्रँड पियानो घेताय? आधी लांबी बघा, मग घरातला कूलर

दिसायला ग्रँड पियानोच, पण बैठकीच्या खोलीत मावेल एवढा. साधारण पाच-साडेपाच फूट लांबीच्या अशा पियानोला 'बेबी ग्रँड' म्हणतात. नवा घ्यायचा तर नजर बहुतेक वेळा दोन जपानी कंपन्यांकडे जाते. यामाहाचा जीबी१के १५१ सेंमी लांब आहे आणि कावाईचा जीएल-१० १५३ सेंमी. त्यांच्या वरचे पर्याय म्हणजे जीसी१ (१६१ सेंमी) आणि जीएल-३० (१६६ सेंमी). मग दहा-बारा सेंमीसाठी जास्त पैसे का मोजायचे?

फरक खर्जात कळतो

खालचे सूर मिळवायला तारेवर तांब्याची तार गुंडाळून ती जड केलेली असते. पियानो जितका छोटा, तितकी ही तार आखूड आणि जाड. अशी तार ताठ होते. मग मूळ सुरासोबत निघणारे वरचे स्वर जरा चढे लागतात आणि खर्ज गढूळ ऐकू येतो. म्हणून दुकानात आवडतं गाणं वाजवून भुलू नये. डावीकडच्या शेवटच्या दोन सप्तकांतली एकेक पट्टी सावकाश दाबून ऐकावी.

खरं तर १५० सेंमीच्या ग्रँडपेक्षा चांगल्या उंच अपराइटचा, म्हणजे उभ्या पियानोचा, खर्ज अनेकदा सरस असतो. ग्रँडची खरी कमाई पट्टीत आहे. हातोडी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजतो. ही युक्ती पॅरिसच्या एरार्ड कंपनीची, १८२१ सालची. मूल वरच्या परीक्षांची तयारी करत असेल तर ती कामाची. नुसती शोभा हवी असेल तर अपराइट घ्यावा, जागाही वाचते.

पारोळ्यासारख्या गावात काय बघायचं?

मे महिन्यात खान्देशात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते आणि जूननंतर एकदम दमट. पियानोचा ध्वनिफलक लाकडी असतो. तो ओलाव्याने फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि सूर हलतात. त्यात घरोघरी पाण्याचा कूलर! दिवसभर ओली हवा, रात्री बंद; पियानोला याहून वाईट काही नाही. पियानोच्या खोलीत कूलर नकोच. तिथे पन्नास-शंभर रुपयांपासून नव्हे, पण फार महाग नसलेलं आर्द्रतामापक ठेवावं. काटा वर्षभर ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर उत्तम. कावाईच्या जीएल मालिकेत पट्टीमागच्या यंत्रणेचे काही भाग कार्बनमिश्रित प्लास्टिकचे आहेत, ते ओलाव्याला कमी दाद देतात. ध्वनिफलक मात्र तिथेही लाकडीच.

भजनी मंडळाची पेटी वर्षानुवर्षं सुरात राहते, तसं इथे होत नाही. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि वर्षातून दोनदा तरी त्या जुळवाव्या लागतात. ट्यूनर मुंबई-पुण्याहून येणार असेल तर त्याचा प्रवास आणि मुक्कामही आपल्याच खर्चात धरावा.

वजनाचंही बघा. जीबी१के २६१ किलोचा, जीसी१ २९० किलोचा, आणि सगळा भार तीन पायांवर. जुन्या धाब्याच्या घरात माडीवर चढवण्याआधी इंजिनिअरला तुळया दाखवाव्यात. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारावं: घरपोच आणल्यावर पहिलं ट्यूनिंग कोण करणार, आणि गावात येऊन करणार का? उत्तर बिलावर लिहून घ्यावं.