माळ्यावरची मेमरी

१९९५ साली बेळगावातल्या एका छापखान्यात मी अक्षरजुळणी करीत असे. संगणक होता, पण त्याची मेमरी अवघी ४ मेगाबाइट. एका खिडकीत मराठी स्मरणिका आणि दुसरीत कानडी लग्नपत्रिका उघडली, की हार्ड डिस्क घरघरू लागे आणि पडद्यावर वाळूचे घड्याळ येऊन बसे. मालक विचारीत, "काय हो, मशीन झोपलं की काय?" झोप कसली, ते बिचारे धावून धावून दमत होते! का, ते मला पुष्कळ वर्षांनी या विषयाचा इतिहास वाचताना कळले.

त्या इतिहासातले पहिले मोठे नाव मँचेस्टर विद्यापीठाचे. त्या काळी संगणकाची जलद मेमरी चुंबकीय कड्यांची, आणि फार महाग. मोठा प्रोग्राम तीत मावत नसे. मग लिहिणाऱ्यानेच त्याचे तुकडे पाडायचे आणि कोणता केव्हा आत आणायचा याचा हिशेब ठेवायचा. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझे यंत्रावरच टाकले. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्यांच्या 'अ‍ॅटलस' संगणकाचे उद्घाटन झाले. त्याची जलद मेमरी १६,३८४ शब्दांची आणि फिरत्या ड्रमवरची जागा ९८,३०४ शब्दांची होती. इथे एक शब्द म्हणजे ४८ बिट. प्रोग्रामला मात्र सारी मेमरी एकच भासे. ५१२ शब्दांचे एक पान. हवे ते पान आत नसले, की यंत्र ते ड्रमवरून आणी आणि लवकर लागणार नाही असे वाटणारे पान बाहेर धाडी. आपल्याकडे फराळाची मोठी पातेली माळ्यावर असतात आणि दिवाळीला खाली उतरतात, तसेच हे.

पण माळा आहे म्हणून स्वयंपाकघर मोठे होत नाही. एकदम अनेक कामे काढली, तर आत्ता वर ठेवलेले पातेलेच पुढच्या क्षणी हवे असते. सारा वेळ शिडीवर जातो, रांधणे राहून जाते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची मीमांसा केली. एखाद्या कामाला त्या घडीला लागणाऱ्या पानांना त्यांनी 'वर्किंग सेट' म्हटले. तेवढी पाने आत मावत नसतील, तर नवे काम सुरू करू नये, हे त्यांचे सांगणे. आमची घरघर ती हीच!

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९९१ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एका माणसाकडे अवघ्या २ मेगाबाइटचे यंत्र होते. लिनक्सची जुळणी करणारा प्रोग्राम त्यात मावेना. लिनस टॉरवाल्ड्स यांना स्वतःला गरज नव्हती, तरी नाताळच्या दिवसांत बसून त्यांनी पाने डिस्कवर ठेवण्याची सोय लिनक्समध्ये केली. गरिबाच्या यंत्रासाठी केलेली सोय पुढे सगळ्यांच्याच कामी आली.

त्या माणसाच्या दुप्पट मेमरी आमच्याकडे होती. तरी मालकांनी ते यंत्र बिघडले समजून मातीमोल विकले, आणि मीही मान डोलावली. कानडी पत्रिका मिटून मग मराठी स्मरणिका उघडली असती, तर ते आणखी काही वर्षे चालले असते. दोन्ही भाषांना त्या घरात जागा होती. फक्त एकीने दुसरीसाठी घटकाभर सरकायला हवे होते.