खोटी सही आणि निर्दोष हात

ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील कित्येक घरांत अजूनही आजोबांच्या नांवचे कागदी शेअर एखाद्या जुन्या ट्रंकेंत सांपडतात. १ एप्रिल २०१९ पासून बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या अशा कागदांचें विक्रीनें हस्तांतर सामान्यतः बंद झालें. वारसाची नोंद मात्र करून घेतां येते. त्यासाठीं वारस बँकेंत जाऊन आपली सही साक्षांकित करून मागतो. हा शिक्का निव्वळ उपचार आहे, असें उभयतांस वाटतें. इतिहास निराळें सांगतो.

इंग्लंडांत शेफील्ड नगरपालिकेचे रोखे दोन गृहस्थांच्या नांवें होते. एकानें दुसऱ्याची खोटी सही करून त्यांवर बार्कले बँकेकडून कर्ज काढलें. बँकेनें निःशंक मनानें हस्तांतरपत्र नोंदणीस पाठविलें. नगरपालिकेनें तितक्याच निःशंकपणें तें नोंदविलें. पुढें लबाडी करणारा मरण पावला आणि मग खरा धनी जागा झाला. नगरपालिकेस त्याचे रोखे भरून द्यावे लागले. आतां दोघां निर्दोषांपैकीं तोटा कोणीं सोसावा? ज्यानें कागद पुढें करून नोंद करविली त्यानें, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९०५ सालीं दिला.

हाच प्रश्न पुढें आपल्या देशांतही आला. एका बाईंच्या सरकारी प्रॉमिसरी नोटेवर त्यांची बनावट सही झाली व ती नोट बँक ऑफ इंडियाकडे गेली. बँकेनें ती सरकारी कर्जकचेरीकडून आपल्या नांवें नवी करून घेतली. बाईंनीं सरकारवर दावा लावून भरपाई मिळविली. सरकार बँकेकडे वळलें. १८७२ च्या करार कायद्याच्या १२४ व्या कलमांतील व्याख्या वचनावर उभी आहे, आणि येथें तर वचन उघड उच्चारलेलें नव्हतें. तथापि १९३८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें शेफील्डचाच न्याय लावून बँकेस जबाबदार धरिलें. नोंद करा, या विनंतींतच हमी गर्भित असते.

निर्णय कठोर खरा, पण अन्यायाचा नव्हे. कचेरीपुढें केवळ कागद येतो. तो देणाऱ्या माणसास पारखण्याची संधि घेणाऱ्यास असते. आणि ज्याची सही चोरली गेली, त्याची मिळकत तर सुरक्षित राहिलीच पाहिजे.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर हळूहळू संगणकाच्या वहींत गेले. तरी ट्रंकेंतला कागद आहे तोंवर कोणी तरी कोणाच्या सहीची खात्री देणारच. साक्षांकन करणारा आणि कागद पुढें करणारा यांच्या भूमिका एक नव्हेत. परंतु दोघांच्याही शब्दावर तिसरा विसंबतो. म्हणून ओळखीचा माणूस ‘एवढा शिक्का द्या’ म्हणाला, तरी सही आपल्यासमक्ष करावयास सांगण्यांत संकोच नसावा.