शाळेच्या दारात कोण उभं राहतं?



सूतगिरणीतली तिसरी पाळी उरकून सकाळी घरी येतो, तेव्हा वस्तीतली पोरं दप्तरं पाठीला लावून शाळेला निघालेली असतात. त्यांत माझ्या बहिणीचा पोरगा असतो. डोळ्यांवर झोप असते, केसांत कापूस असतो, तरी मी त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येतो. बायाबापड्या हसतात. म्हणतात, पाचवीतलं पोरगं, मामा लागतो होय सोडायला? हसू द्या.

मी नववीत होतो तेव्हा गावच्या शाळेमागं मला चौघांनी धरून मारलं. कारण काय, तर मोबाइलवर भीमगीत वाजत होतं. दुसऱ्या दिवशी बापाला बोलावून घेतलं. बैठक झाली. मारणाऱ्यांचे बाप खुर्चीवर, माझा बाप उभा. "पोरापोरांचं आहे, मिटवा." मिटलं. बापानं हात जोडले आणि मी शाळा सोडली. पुढं जे शिकलो ते गिरणीच्या पाळ्यांमधून, उसनी पुस्तकं वाचून शिकलो. मला बरीच वर्षं वाटायचं की हे माझ्या एकट्याचं दुखणं आहे. इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, आपल्या शाळेवर पडणारा दगड फार जुना आहे. आणि दगड जुना तसा तो अडवणारा हातही जुना आहे. हा लेख त्या हाताबद्दल आहे.

सुरुवात पुण्यापासून. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेला निघाल्या की अंगावर शेण, चिखल, खडे यायचे. खराब झालेलं लुगडं शाळेत बदलता यावं म्हणून त्या दुसरं सोबत न्यायच्या, हे आपल्याला पाठ आहे. आपण ते गहिवरून सांगतो आणि पुढं जातो. पण थांबून विचार करा. शेण मारणाऱ्याला काय हवं होतं? बाई मरावी असं नाही. बाई उद्या येऊ नये, एवढंच हवं होतं. शाळेवरचा हल्ला नेहमी उद्याच्या हजेरीवर असतो. दुसरं लुगडं हे त्याला दिलेलं उत्तर होतं. उद्या मी येणार आहे, परवाही येणार आहे.

पण ती एकटी नव्हती, हे आपण सांगत नाही. फातिमा शेख सोबत शिकवत होत्या. महारवाड्या-मांगवाड्यातून पोरं गोळा करायला लहुजी वस्ताद साळव्यांसारखी तालमीतली माणसं पाठीशी होती. ज्या वस्तादाकडं जोतीराव दांडपट्टा शिकले, तोच वस्ताद शाळेला पोरं पाठवा म्हणून सांगत होता. तालीम आणि शाळा एका बाजूला उभ्या होत्या. त्यातून काय निघालं? १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. आमचा धर्म कोणता, असं तिनं सगळ्यांना विचारलं. दाराशी माणसं उभी होती म्हणून आत ही पोर लिहू शकली.

आता सरकारचं बघा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महाराच्या पोरानं प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारनं कबूल केलं की न्याय पोराच्या बाजूनं आहे, पण एकाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील, म्हणून हात झटकले. दोन वर्षांनी वरून हुकूम आला की सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या. कागद झाला. गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्या कागदाप्रमाणं अस्पृश्यांची पोरं शाळेत घेतली, तेव्हा सवर्णांनी शाळा ओस पाडल्या आणि एका गावात आपल्या माणसांची खोपटी आणि उभी पिकं जाळली. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढं ठेवलेल्या निवेदनात शिक्षणाचा हा सगळा हिशेब मांडलेला आहे. ज्यांना वाटतं हुकूम निघाला की काम झालं, त्यांनी तो जरूर वाचावा.

१९२३ साली सी. के. बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ठराव पास झाला. महाडच्या तळ्याचं पाणी त्यानंतरही चार वर्षं आपल्याला मिळालं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि १९२७ च्या मार्चात पाणी प्यायलो तेव्हा परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्याच.

मग बाबासाहेबांनी काय केलं? इथं आपलं सोलापूर येतं. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि ४ जानेवारी १९२५ ला सभेनं सोलापुरात वसतिगृह उघडलं. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची देखभाल केली. नगरपालिकेनं महिना ४० रुपये मदत दिली. गिरण्यांच्या भोंग्यावर जगणाऱ्या या गावात, खेड्यातून आलेल्या पोरांना डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी मिळाली. वसतिगृह म्हणजे नुसती राहण्याची सोय नव्हे, मित्रांनो. गावातल्या ज्या पोराच्या बापाला पाटील दम देऊ शकतो, त्या पोराला दमाच्या टप्प्याबाहेर काढणं, हा त्याचा अर्थ. रस्त्यावर एकटा सापडणारा पोरगा वसतिगृहात दहाजणांत असतो. दहाजणांत असलेल्या पोराला मारायला माणूस दोनदा विचार करतो.

जिथं असं छप्पर नव्हतं तिथं काय झालं ते कविठा सांगतं. अहमदाबाद जिल्ह्यातलं, धोळका तालुक्यातलं गाव. ऑगस्ट १९३५. अस्पृश्यांनी आपली पोरं गावच्या सरकारी शाळेत नेऊन बसवली. कायदा त्यांच्या बाजूनं होता. बापे माणसं गावाबाहेर गेल्याचं बघून सवर्णांचा जमाव काठ्या, भाले घेऊन वस्तीत शिरला. म्हातारीकोतारी, बायका, पोरं, कुणाला सोडलं नाही. नंतर बहिष्कार. मजुरी बंद, वाण्याकडचं सामान बंद, जनावरांना चराई बंद, विहिरीत रॉकेल. वस्ती मोडली. गांधीजींनी सल्ला दिला, गाव सोडून जा. बाबासाहेबांनी नेमका सवाल केला. मारणाऱ्यांवर खटला भरा असं का नाही सांगितलं? मार खाल्लेल्यानंच गाव का सोडायचं? त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

कविठ्याचं मला रात्री पाळीवर असताना आठवतं. भाला एकदा लागतो. रॉकेल रोज प्यावं लागतं. वस्ती मोडली ती भाल्यानं नाही, मजुरी बंद झाल्यानं. म्हणजे शाळेतल्या पोराचं रक्षण करायचं तर आधी त्याच्या बापाची चूल पेटती ठेवावी लागते.

समुद्रापलीकडंही हेच. १९५७ साली अमेरिकेत लिटल रॉक गावात नऊ काळी पोरं गोऱ्यांच्या हायस्कूलात जाणार होती. कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं होता. डेझी बेट्स नावाच्या बाईनं ठरवलं की सगळ्यांनी मिळून जायचं. एका पोरीच्या घरी फोन नव्हता, तिला निरोप पोचला नाही. ती एकटी गेली आणि गर्दीनं तिला घेरलं. तो फोटो जगानं पाहिला. शेवटी राष्ट्राध्यक्षाला पलटण पाठवावी लागली. पण पलटणीच्या आधी आणि नंतरही पोरं जमायची ती डेझीबाईंच्या घरी. त्या घराच्या काचा फुटल्या, पण दार बंद झालं नाही. आपल्या पँथरनं १९७२ ला नाव घेतलं ते याच मुलखातल्या काळ्या भावांकडून. नावासोबत हेही घ्यायला हवं. एक घर, एक वेळ, आणि निरोप न पोचलेला एकही पोरगा नाही.

१९७८ चं मराठवाडा मी सविस्तर सांगत नाही, ते आपल्या घराघरात सांगितलं जातं. २७ जुलैला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. विद्यापीठावर नाव कुणाचं, यावरून टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव गेला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं.

आणि आता खर्डा. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा आपला पोरगा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला, हा संशय. त्याला शाळेच्या आवारात मारलं, तिथून ओढत नेलं आणि नंतर तो झाडाला लटकलेला सापडला. भरदिवसा. शाळा म्हणजे काय जंगल होतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टात सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले.

खर्ड्याची बातमी आली तेव्हा मला मार बसून फार दिवस झाले नव्हते. बापानं पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "बरं झालं तुला काढलं शाळेतून." मी त्याच्यावर फार वर्षं चिडून होतो. आता नाही. तो भ्याला नव्हता, त्यानं हिशेब केला होता. त्याच्या मागं कोण उभं होतं? गावात आमची सात घरं. सातही घरं पाटलाच्या रानात कामाला.

साक्षीदाराला शिव्या देणं सोपं आहे, भावांनो. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, जीपमध्ये बसून परत येतो. साक्षीदार त्याच गावात राहतो. कोर्टाची तारीख तीन वर्षांनी येते. त्या तीन वर्षांत त्याच्या दारात आपण किती वेळा गेलो?

कायदा आपल्याकडं आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१५ ला सुधारलेला. त्यातलं कलम १५-अ प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवं. साक्षीदाराला संरक्षण, जाण्यायेण्याचा खर्च, जामिनाच्या सुनावणीची पीडिताला आगाऊ खबर, हे सगळं हक्कानं मागता येतं. जिल्ह्याला कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. ती बसते की नाही हे विचारायला जायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक हवेत आणि त्यांत दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत? नुसत्या सहीपुरत्या आहेत, की खुर्चीवर बसून बोलतात? माझा बाप त्या बैठकीत बसलेला असता, तर "मिटवा" म्हणणाऱ्याची जीभ जरा अडखळली असती.

इतिहासातून मला तीन गोष्टी सापडल्या. शाळेच्या वाटेवर पोरगं एकटं नको, हे लहुजींचं. गावाच्या दमाबाहेर छप्पर हवं, हे सोलापूरच्या वसतिगृहाचं. आणि मार खाल्लेल्याची चूल विझता कामा नये, हे कविठ्याचं. पहिली दोन कामं आपल्या लोकांनी करून दाखवली. तिसरं अजून व्हायचं आहे. शहरातल्या वस्तीनं गावातल्या साक्षीदाराचं घर धरायचं. आमच्या खात्यात आम्ही अकराजणांनी पगाराच्या दिवशी पन्नास-पन्नास रुपये बाजूला काढायला सुरुवात केली आहे. रक्कम हसण्यासारखी आहे. पण जिल्ह्यात उद्या कुणी साक्षीला उभं राहिलं, तर त्याच्या घरी महिन्याची ज्वारी पोचेल. तुमच्या वस्तीत, तुमच्या खात्यात, हॉस्टेलात हे सुरू करा. आणि बहिष्कारानं मोडायचं नसेल तर आधीच सुरू करा, घटना घडल्यावर नव्हे.

मी पोराला फाटकापर्यंत सोडतो तेव्हा तो मागं वळून बघत नाही. सरळ आत जातो. त्यानं तसंच जावं. मागं आपण उभे आहोत की नाही, हे बघायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

जय भीम.