मात्रेचा हिशेब राखणारे : किरणोपचारातील भौतिकशास्त्रज्ञांची परंपरा

कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या ओठी डॉक्टरांचे नाव असते आणि यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाशी त्याची रोजची ओळख होते. परंतु आपल्या शरीरात किती किरण जावेत याचा हिशेब ज्याने मांडला व तपासला, त्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला तो बहुधा पाहतही नाही. बोलीत ज्याला आपण ‘शेक देणे’ म्हणतो, त्या उपचारामागे उभ्या असलेल्या या व्यवसायाचा इतिहास प्रत्येक व्यवहारी माणसाने जाणून घ्यावा असा आहे.

सन १८९५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १८९८ मध्ये पॅरिस येथे मेरी व पिएर क्युरी यांनी रेडिअम शोधून काढले. या किरणांचा उपचारासाठी वापर लवकरच सुरू झाला. मात्र ते मोजावयाचे कसे, हे कोणासच ठाऊक नव्हते. रुग्णाची त्वचा किती लाल झाली, यावरून मात्रेचा अंदाज बांधला जाई. या अज्ञानाची किंमत प्रथम मोजली ती स्वतः उपचार करणाऱ्यांनी. अशा कार्यात प्राणास मुकलेल्यांचे एक स्मारक १९३६ साली हॅम्बुर्ग येथे उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती.

मापाशिवाय व्यवहार नाही, ही जाणीव हळूहळू दृढ झाली. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘राँटगेन’ हे एकक स्वीकारले गेले. शरीरात शोषल्या जाणाऱ्या मात्रेसाठी आज वापरले जाणारे ‘ग्रे’ हे एकक, इंग्लंडमधील माउंट व्हर्नन रुग्णालयात काम केलेल्या लुई हॅरॉल्ड ग्रे या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने १९७५ मध्ये रूढ झाले.

आपल्या देशात या विद्येला आश्रय मिळाला तो मुंबईत. सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे कार्य केलेले डॉ. रामय्या नायडू हे भारतातील वैद्यकीय भौतिकशास्त्राचे आद्य पुरुष मानले जातात. पुढे १९६२ मध्ये तुर्भे येथील अणुशक्ती आस्थापनेत, म्हणजेच आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

या मंडळींचे काम नेमके काय, हे कोबाल्ट यंत्राच्या उदाहरणाने ध्यानी येईल. कोबाल्ट-६० ची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे दरमहा साधारण एक टक्का घट. वहीत जसा घसारा मांडावा, तशी ही घट मांडून उपचाराचा कालावधी सतत वाढवावा लागतो. मात्रा कमी पडली तर गाठ पुन्हा उद्भवण्याची भीती; अधिक झाली तर निरोगी अवयव भाजण्याची. म्हणूनच ही मात्रा पाच टक्क्यांच्या आत अचूक असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी १९७६ मध्ये केली.

हा हिशेब चुकला तर काय होते, याचे दोन धडे इंग्लंडमध्ये मिळाले. १९८८ मध्ये एक्सेटर येथे कोबाल्टचा नवा स्रोत बसविल्यावर केलेल्या मोजणीत चूक राहिली. काही महिन्यांत २०७ रुग्णांना २५ टक्के अधिक मात्रा मिळाली. निरनिराळ्या केंद्रांची मापे पडताळणाऱ्या बाहेरच्या तपासणीत ही चूक उघड झाली.

दुसरी घटना नॉर्थ स्टॅफर्डशायरची. तेथे १९८२ मध्ये नियोजनासाठी संगणक आला. यंत्रापासून रुग्णाचे अंतर नेहमीपेक्षा वेगळे असल्यास करावयाची दुरुस्ती तो स्वतःच करीत असे. कर्मचारी मात्र ती जुन्या सवयीने पुन्हा हाताने करीत राहिले. एकाच बिलात तीच सूट दोनदा वजा व्हावी, तसा हा प्रकार! १९९१ पर्यंत हजाराहून अधिक रुग्णांना ५ ते ३० टक्के कमी मात्रा मिळत राहिली. त्यांतील कोणाचीही नियत खोटी नव्हती. परंतु पहिल्या माणसाचा आकडा दुसऱ्याने स्वतंत्रपणे मांडून पाहिला नव्हता.

यावरून जी शिस्त दृढ झाली ती अशी की, एकाने केलेली मोजणी दुसऱ्याने नव्याने करावयाची. केवळ खाली सही करावयाची नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून छोट्या कुप्या टपालाने रुग्णालयांना पाठवून त्यांची मात्रा तपासीत आल्या आहेत. भारतातही भाभा केंद्राने अशी पडताळणी चालविली आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोपचार केंद्रात पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असणे बंधनकारक आहे.

वरिष्ठ भौतिकशास्त्रज्ञाचा अधिकार या परंपरेतून आलेला आहे. माप जुळत नसेल तर, बाहेर कितीही रुग्ण ताटकळत असले तरी, ‘आज हे यंत्र चालणार नाही’ असे सांगण्याचे बळ त्याच्या ठायी असावे लागते. व्यापारात हिशेब चुकला तर नुकसान पैशाचे होते आणि ते कधीतरी भरूनही निघते. येथे गेलेली मात्रा परत घेता येत नाही. म्हणूनच रुग्णालयासाठी दान देताना यंत्राच्या किमतीबरोबरच ते मोजणाऱ्या माणसांचीही तरतूद व्हावी. ते दान यंत्राइतकेच मोलाचे ठरेल.